वीरकथेंतील पक्ष आणि प्रेक्षकाचा न्याय

कोणत्याहि कलाकृतीला “हा निव्वळ प्रचार आहे” असें म्हणणें, हा वरवर दिसतो तितका साधा अभिप्राय नव्हे. कथानक सैल आहे, संवाद कृत्रिम आहेत किंवा नटाचें काम रंगलें नाहीं, असें म्हणणारा मनुष्य आपल्या अभिरुचीचें निवेदन करीत असतो. त्याच्याशीं मतभेद झाला तरी कोणाच्या अब्रूला धक्का लागत नाहीं. प्रचाराचा आरोप करणारा मात्र कर्त्याच्या सचोटीवरच बोट ठेवतो. करमणुकीचें आमिष पुढें करून आमची बुद्धि आम्हांस नकळत एका पक्षाच्या दावणीला बांधण्याचा हा डाव आहे, असें त्याचें म्हणणें असतें. म्हणजे हा आरोप फसवणुकीचा झाला. आणि फसवणुकीचा आरोप जो करील त्यानें पुरावा दिला पाहिजे, हा न्याय व्यवहारांत आपण सर्वच मानतों. कलेच्या प्रांतांत पाऊल टाकल्याबरोबर तो आपण विसरतों, ही खेदाची गोष्ट आहे.

हा प्रश्न सध्यां ज्या कथांच्या संबंधांत वारंवार निघतो त्या म्हणजे अमेरिकेंतील सुपरहीरोंच्या दूरचित्रवाणी-मालिका. अंगीं अमानुष सामर्थ्य असलेला, बहुधा मुखवटा किंवा विशिष्ट पोषाख धारण करणारा आणि दुर्जनांचा स्वतःच्या हातांनीं समाचार घेणारा वीर हा त्यांचा नायक. या मालिका इंटरनेटवरून आपल्याहि घरांत येतात, आणि मुलें व तरुण मंडळी त्या आवडीनें पाहतात. त्यांच्यावर दोन परस्परविरुद्ध बाजूंनीं हल्ला होत असतो. एक पक्ष म्हणतो कीं, स्त्रियांचे हक्क, परदेशांतून आलेल्यांचे प्रश्न, कृष्णवर्णीयांवरील अन्याय हे विषय त्यांत घुसडून प्रेक्षकांना उपदेशाचे डोस पाजले जातात. दुसरा पक्ष म्हणतो कीं, कायदा बाजूस सारून बळानें प्रश्न सोडविणारा वीर म्हणजे मुळांतच दंडशक्तीची आरती आहे. दोन्ही आरोप खरे असूं शकतील, आणि दोन्ही खोटेहि असूं शकतील. ते तपासावयाचे कसे, एवढाच येथें विचार कर्तव्य आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. पूर्वी या कथा शुद्ध करमणुकीच्या होत्या, राजकारण त्यांत आतां आतां शिरलें, अशी तक्रार नेहमी ऐकूं येते. इतिहास तिला दुजोरा देत नाहीं. या सर्व वीरांचा मूळपुरुष सुपरमॅन. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन ज्यू तरुणांनीं निर्माण केलेला हा वीर १९३८ सालीं ‘ॲक्शन कॉमिक्स’ या चित्रकथा-मासिकाच्या पहिल्या अंकांत अवतरला. त्या पहिल्याच कथेंत तो करतो काय? एका निरपराध स्त्रीचा मृत्युदंड टळावा म्हणून रात्रीं राज्याच्या गव्हर्नरच्या घरांत बळानें शिरतो. बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला चोप देतो. आणि शेवटीं, एका सीनेटरशीं संधान बांधून देशाला युद्धांत ओढूं पाहणाऱ्या मध्यस्थाच्या मागें लागतो. दुर्बळांचा कैवार आणि युद्धावर पैसा करूं पाहणाऱ्यांविषयीं संताप, हें मंदीच्या काळांतील एक स्पष्ट राजकीय मत होतें.

पुढें मार्च १९४१ ही तारीख घातलेल्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक प्रत्यक्ष हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतांना दाखविला गेला. अमेरिका युद्धांत पडली ती त्या वर्षाच्या डिसेंबरांत. तोंवर युरोपच्या भांडणांत आपण पडूं नये असें मानणारा फार मोठा वर्ग त्या देशांत होता. जो सायमन आणि जॅक कर्बी यांचें हें चित्र त्या चालू वादांत उघडउघड एका बाजूनें उभें होतें. १९४६ सालीं तर रेडियोवरील सुपरमॅनच्या मालिकेंत त्याला क्लू क्लक्स क्लॅनच्या धर्तीच्या एका बुरखेधारी संघटनेशीं झुंजविण्यांत आलें, आणि तें मुलांच्या मनांत वंशद्वेषाविषयीं तिरस्कार उत्पन्न व्हावा या हेतूनें. तेव्हां राजकारण या कथांत बाहेरून शिरलें असें म्हणतां येत नाहीं. तें त्यांच्याबरोबरच जन्मास आलें.

आणि दुसरें होणार तरी काय होतें? ज्याच्या सामर्थ्याला सीमा नाहीं अशा एका व्यक्तीनें कोणास शिक्षा करावी, कोणास सोडावें, राज्याचा कायदा कोठवर मानावा, आणि राज्यकर्तेच अन्याय करूं लागले तर काय करावें, हे प्रश्न अशा कथेच्या गाभ्यांतच असतात. राज्यशास्त्राचेहि आद्य प्रश्न हेच आहेत. म्हणून एकाद्या मालिकेंत राजकारण आहे एवढें दाखविल्यानें आरोप सिद्ध होत नाहीं. राजकीय विषय हाताळणें आणि राजकीय प्रचार करणें यांत, वकिलानें खटला चालविणें आणि त्यानें साक्षीदार फितविणें यांत जितकें अंतर आहे, तितकें अंतर आहे.

असें असतां कांहीं मालिकांतील राजकारण आपणांस खुपतें आणि कांहींतील मुळींच दिसत नाहीं, हें कां? याचें एक फार बोलकें उदाहरण सुपरमॅनच्याच चरित्रांत आहे. सत्य, न्याय आणि अमेरिकन जीवनरीति यांसाठीं हा वीर लढतो, असें त्याचें ब्रीद १९४२ च्या सुमारास, युद्धाच्या ऐन धामधुमींत, रेडियोवरून प्रथम ऐकूं आलें आणि १९५२ पासूनच्या दूरचित्रवाणी-मालिकेनें तें घरोघर पोहोंचविलें. त्यांतील तिसरें पद किती राजकीय आहे! एका राष्ट्राची जीवनरीति सत्य आणि न्याय यांच्या पंक्तीला बसविणें हें मत नव्हे तर काय? तरीहि अमेरिकेंतील बहुसंख्य प्रेक्षकांना त्यांत राजकारण दिसलें नाहीं. २०२१ सालीं प्रकाशकांनीं त्या पदाच्या जागीं अधिक चांगल्या भविष्यकाळाचा उल्लेख केला, तेव्हां मात्र वीरकथेंत राजकारण आणलें अशी ओरड झाली. ज्यांना हा बदल आवडला त्यांनाहि, आपण एका मताच्या जागीं दुसरें मत बसविलें, असें वाटलें नसावें. आपण राजकारण काढून टाकलें असेंच वाटलें असावें. आपल्या घराचा वास आपणांस येत नाहीं, पाहुण्याला येतो. जें मत आपलें असतें तें आपणांस वस्तुस्थिति वाटतें. जें दुसऱ्याचें असतें तेंच तेवढें मत म्हणून ओळखूं येतें. म्हणून “मला यांत प्रचार जाणवला” हें वाक्य पुष्कळदां मालिकेविषयीं फारसें सांगत नाहीं. तें बोलणाराचें घर कोणत्या आळींत आहे एवढेंच सांगतें.

मग कर्त्याचा हेतु शोधावा काय? हेतु राजकीय असला म्हणजे दोष सिद्ध झाला, असें मानावें काय? मराठी वाचकाला या प्रश्नाचें उत्तर दूर जाऊन शोधावें लागणार नाहीं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. कथा महाभारतांतील, परंतु उन्मत्त कीचकांत प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि भीम व युधिष्ठिर यांच्या वादांत त्यांनीं त्या काळच्या जहाल-मवाळांचा वाद ओळखला. सरकारनेंहि तो ओळखला, आणि १९१० सालीं नाटकावर बंदी घातली. नाटकाला राजकीय हेतु आहे हें सरकारचें म्हणणें खोटें नव्हतें. तरीहि त्या बंदीचें समर्थन आज आपल्यांपैकीं कोणी करणार नाहीं, आणि तें नाटक केवळ प्रचार म्हणून टाकाऊ ठरलें असेंहि कोणी म्हणणार नाहीं. कारण कीचकाची अरेरावी, द्रौपदीचा अपमान आणि युधिष्ठिराची कुचंबणा हीं कर्झनचें नांव विसरल्यावरहि खरींच राहतात. यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. राजकीय हेतु असणें हा गुन्हा नव्हे, ही एक. आणि हेतु हुडकून काढणाराच्या हातीं सत्ता असली म्हणजे “हा प्रचार आहे” या वाक्याचें बंदीहुकुमांत रूपांतर होण्यास वेळ लागत नाहीं, ही दुसरी.

विषय दोष नव्हे, हेतु दोष नव्हे, आपणांस बोंचणें हा तर पुरावाच नव्हे; मग दोष कशांत? आमच्या मतें तो कथेच्या अंतर्गत व्यवहारांत शोधला पाहिजे. कथाकार हा आपल्या सृष्टीचा विधाता असतो. कोण जिंकावा, कोणाला अपघात व्हावा, कोणाच्या तोंडीं शहाणपण घालावें आणि कोणाच्या तोंडीं मूर्खपणा, हें सर्व त्याच्या हातीं. या अधिकाराचा उपयोग करून जो विरुद्ध मताच्या मनुष्याला आपली बाजू नीट मांडूंच देत नाहीं. आपल्या मताच्या मनुष्याच्या पापाचा हिशेब कधींच करीत नाहीं. आणि पेंच पडला कीं पात्रांच्या स्वभावांतून न निघणारी घटना वरून टाकून आपल्या पक्षाला सोडवून घेतो, तो लबाडी करतो. प्रचार म्हणावयाचें तें या लबाडीला. ती उजव्या हातानें केली काय आणि डाव्या हातानें केली काय, सारखीच.

ही कसोटी आतां एका मालिकेला लावून पाहूं. सुपरमॅनची चुलत बहीण जिची नायिका आहे ती ‘सुपरगर्ल’ मालिका २०१५ सालीं सुरू झाली आणि सहा पर्वांनंतर २०२१ सालीं संपली. तिच्यावर प्रचाराचा आरोप पहिल्या दिवसापासून होता; परंतु २०१८ सालीं सुरू झालेल्या चौथ्या पर्वानें तो कळसास नेला. या पर्वांत परग्रहांवरून पृथ्वीवर आश्रयास आलेल्या लोकांविरुद्ध अमेरिकेंत एक चळवळ उसळते, आणि मुखवटा घातलेला एजंट लिबर्टी नांवाचा पुढारी तिचें नेतृत्व करतो. इंग्रजींतील ‘एलियन’ हा शब्द परग्रहावरील प्राण्याला लावतात, तसाच अमेरिकेच्या कायद्यांत परदेशी माणसालाहि लावतात; त्यामुळें ही अन्योक्ति कोणास समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या काळीं त्या देशांत परदेशांतून येणाऱ्यांवरून जो प्रखर वाद चालला होता, त्यांत ही मालिका कोणत्या बाजूची आहे याबद्दल संशयाला जागाच नाहीं. आरोप करणारांचा अर्धा भाग येथें मान्य केला पाहिजे.

पण उरलेला अर्धा? त्या पर्वाचा तिसरा भाग जवळजवळ सबंध या खलपुरुषाला दिलेला आहे. बेन लॉकवुड हा इतिहासाचा प्राध्यापक. त्याच्या घराण्याचा पोलादाचा कारखाना असतो. परग्रहावरून आलेल्या नव्या धातूपुढें पोलाद मागें पडतें आणि कारखाना बसतो. अतिमानवांच्या लढाईंत त्याचें राहतें घर उद्ध्वस्त होतें. त्या लढायांत ज्यांचें घर मोडतें त्यांचें पुढें काय होतें, हा प्रश्न अशा मालिका सहसा विचारीतच नाहींत. पुढें अशाच एका संकटांत त्याचा बाप मरतो. त्याची नोकरीहि जाते. आरंभीं हा मनुष्य द्वेष्टा नसतो. एकामागून एक बसणाऱ्या घावांनीं तो द्वेषाकडे ढकलला जातो, आणि प्रत्येक पायरीवर त्याचें म्हणणें प्रेक्षकाला समजतें. आपल्या विरोधकाला आपल्याच घरांत इतका वेळ बोलूं देणारी कथा लबाड नाहीं. किंबहुना, ज्यांना लॉकवुडची बाजू पटते त्यांना ती इतक्या सहानुभूतीनें मांडलेली दुसरीकडे कोठें सांपडेल, याची शंकाच आहे.

तथापि न्याय पुरा करावयाचा तर पुढील भागहि पाहिला पाहिजे. पर्वाच्या उत्तरार्धांत असें उघड होतें कीं, या चळवळीच्या मागें लेक्स ल्यूथर हा सुपरमॅनचा जुना वैरी होता. दोऱ्या त्याच्या हातांत होत्या. येथें कथेनें आपलाच उभा केलेला प्रश्न टाळला, असें आमचें मत आहे. कारखाना बुडालेल्या माणसाच्या रागाला उत्तर देणें कठीण असतें. त्या रागामागें एक कपटी सूत्रधार होता असें दाखविणें सोपें असतें. सूत्रधाराला पकडलें कीं प्रश्न मिटला, आणि पोलादाच्या कारखान्याचें काय हें कोणी विचारीत नाहीं. ही घटना वरून टाकलेली आहे. म्हणून आमचा निवाडा असा कीं, हें पर्व एका पक्षाचें आहे हें निर्विवाद. तिसऱ्या भागांत तें प्रामाणिक आहे. आणि शेवटाकडे तें आपल्या पक्षाला फुकट सोडवून घेतें.

याच पर्वांत आणखी एका गोष्टीवरून गहजब झाला. निया नाल नांवाची एक पारलिंगी नायिका त्यांत आली, आणि ती भूमिका करणारी निकोल मेन्स ही नटीहि पारलिंगी होती. अनेकांनीं केवळ तिच्या प्रवेशालाच प्रचाराचा पुरावा मानलें. हा तर्क आम्हांस मान्य नाहीं. जगांत जो मनुष्य आहे तो कथेंत आला, एवढ्यानें कथेनें मत दिलें असें होत नाहीं. उलट तो कधींच येऊं नये हा आग्रह मात्र निश्चितपणें एक मत आहे. पात्र आल्यावर त्याला चुकण्याची, घाबरण्याची, हंसण्याची मोकळीक आहे, कीं तें केवळ पाटी गळ्यांत अडकवून उभें केलें आहे, एवढेंच विचारणें रास्त होय.

दुसरें उदाहरण ‘वॉचमेन’ या मालिकेचें. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची त्याच नांवाची चित्रकथा १९८६-८७ सालीं निघाली. तिच्या आधारावर डेमन लिंडेलॉफनें २०१९ सालीं नऊ भागांची ही मालिका केली. तिचा आरंभ १९२१ सालच्या टल्सा शहरांतील हत्याकांडानें होतो. ओक्लाहोमा राज्यांतील या शहरांत ग्रीनवुड नांवाची कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती गोऱ्या जमावानें ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत जाळून टाकली. त्या वेळच्या सरकारी नोंदींत मृतांचा आकडा ३६ होता. इतिहासकारांचा अंदाज ३०० पर्यंत जातो. हा प्रकार अनेक दशकें शाळेच्या पुस्तकांत आला नाहीं. राज्यानें नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला तो २००१ सालीं. अनेक अमेरिकन प्रेक्षकांनीं या घटनेचें नांव प्रथम ऐकलें तें एका सुपरहीरो-मालिकेंत.

येथें प्रचाराचा आरोप करणाराला आम्ही विचारतों: हें घडलें होतें कीं नाहीं? घडलें होतें. मग दाखविणारा प्रचारक, कीं इतकीं वर्षें न दाखविणारा? हें खरें कीं, असंख्य सत्यांतून कोणतें सत्य निवडावें यांतहि पक्ष दिसतो. पण निवड प्रत्येकच कथेला करावी लागते, आणि न सांगण्याची निवड ही सुद्धां निवडच असते. शिवाय ही मालिका आपल्या बाजूला मोकळें सोडीत नाहीं. तिच्या कल्पित अमेरिकेंत सरकार उदारमतवाद्यांचें आहे, आणि वंशद्वेष्ट्यांशीं लढणारे पोलीस मुखवटे घालून फिरतात. हेच सत्पक्षाचे पोलीस संशयितांना बेकायदा मारहाण करतात. आपली नायिकाहि तें करते, आणि आपण तिच्या बाजूनें बसलेले असल्यामुळें क्षणभर आपणांस तें गोडहि वाटतें. तें गोड वाटल्याची लाज वाटावी अशी रचना कर्त्यानें केली आहे. आपल्याच प्रेक्षकाला असा आरसा दाखविणाऱ्या कथेला प्रचार हें नांव शोभत नाहीं.

उपहासाचा न्याय थोडा वेगळा आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. २०१९ सालीं सुरू झालेल्या ‘द बॉइज’ मालिकेंत अतिमानव वीर हे एका बलाढ्य कंपनीचा माल आहेत. देशभक्ति, धर्म, कुटुंबवात्सल्य हें सर्व त्यांच्या जाहिरातीचें साहित्य. त्यांचा म्होरक्या होमलँडर राष्ट्रध्वजाचें वस्त्र खांद्यावर घेऊन मिरवतो. २०२२ सालच्या पर्वाच्या शेवटीं तो भर गर्दींत एका विरोधकाला डोळ्यांतील किरणांनीं ठार करतो, आणि क्षणभराच्या स्तब्धतेनंतर जमाव त्याचा जयजयकार करतो. येथें दोन्ही बाजूंना समान न्याय मिळालेला नाहीं. उपहासकार तो देण्यास बांधलेलाहि नसतो. त्याचें बंधन एवढेंच कीं, ज्या दुर्गुणाला तो मारतो तो खरोखर असावा. व्यक्तिपूजेनें माणसें रक्त पाहूनहि टाळ्या वाजवितात, हें खोटें आहे असें विसाव्या शतकाचा इतिहास वाचलेला कोणी म्हणणार नाहीं. मात्र जेथें ही मालिका केवळ आजच्या वर्तमानपत्रांतील नांवें बदलून त्यांना चिमटे काढते, तेथें तिचा बाण दुर्गुणाला न लागतां माणसाला लागतो आणि उपहासाची उंची कमी होते. मोठ्या कंपन्यांची ही टवाळी ॲमेझॉन या जगांतील अतिमोठ्या कंपन्यांपैकीं एकीच्याच पैशानें चालते, ही विसंगतिहि प्रेक्षकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, एवढी छाननी करावयाची कोणी आणि कशासाठीं? संशय आला कीं मालिका बंद करावी, मुलांच्या हातून वस्तु काढून घ्यावी, हा सरळ मार्ग आहे. या सरळ मार्गानें जाऊन काय होतें हें अमेरिकेनें एकदां पाहिलें आहे. १९५४ सालीं फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानें ग्रंथ लिहून असें प्रतिपादिलें कीं, चित्रकथांनीं मुलें बिघडतात आणि अतिमानव वीर त्यांना बळाची पूजा शिकवितात. सीनेटच्या समितीपुढें चौकशी झाली, गदारोळ उठला, आणि त्याच वर्षीं प्रकाशकांनीं भीतीनें स्वतःवर एक नियमावलि लादून घेतली. त्या नियमावलींतील एक नियम असा होता कीं, पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयीं अनादर वाटेल असें चित्रण करूं नये. मुलांना वाईट शिकवणुकीपासून वांचविण्यासाठीं केलेल्या नियमांत ही केवढी राजकीय शिकवण! गव्हर्नरचें दार फोडणारा १९३८ चा सुपरमॅन या नियमांत कसा बसला असता? ही व्यवस्था क्षीण होत होत २०११ पर्यंत चालली. वर्थमचे कागद पुढें अभ्यासकांस खुले झाले, तेव्हां कॅरल टिली या विदुषीनें ते तपासून २०१२ सालीं दाखवून दिलें कीं, त्यानें मुलांच्या जबान्यांत फेरफार केले होते आणि कांहीं ठिकाणीं अनेकांचे बोल एकाच्या तोंडीं घातले होते. वर्थमचा हेतु चांगला होता. हार्लेमच्या गरीब वस्तींत त्यानें अत्यल्प फी घेऊन दवाखाना चालविला होता. परंतु दुसऱ्याच्या लबाडीचा निवाडा करण्यास बसलेल्या माणसानें स्वतःच पुराव्यांत लबाडी केली, आणि तिची शिक्षा दोन पिढ्यांतील लेखकांनीं भोगली.

म्हणून छाननी अवश्य आहे, आणि ती करणाराची स्वतःचीहि छाननी अवश्य आहे. तिचा सोपा उपाय असा. जी कथा आपणांस प्रचारी वाटते तिच्यांतील पक्ष मनांतल्या मनांत उलटे करून पाहावे. बुडालेला कारखाना, पडलेलें घर आणि मेलेला बाप हें सर्व आपल्या पक्षाच्या माणसाच्या वाट्याला आलें असतें, आणि त्याच्या रागामागें केवळ एक कपटी सूत्रधार होता असें कथेनें सांगितलें असतें, तर आपण काय म्हटलें असतें? आणि जी कथा आपणांस निर्मळ वाटते तिच्याहि बाबतींत हाच प्रयोग करावा. किंबहुना तेथेंच तो अधिक अगत्यानें करावा, कारण जी लबाडी आपल्या हिताची असते ती पकडण्यास दुसरें कोणीच येत नाहीं. दोन्ही वेळां निकाल एकच आला तर आपला आरोप उभा राहतो. न आला तर आपण कलेविषयीं बोलत नसून केवळ आपल्या पक्षाची हजेरी घेत होतों, असें समजावें.

लहान मुलांना हें सर्व कसें कळावें, अशी शंका आईबापांना येईल, आणि ती योग्य आहे. सात वर्षांच्या मुलाला अन्योक्ति कळत नाहीं. त्याला वीर आवडतो म्हणून वीराचें मतहि आवडतें. परंतु यावरून मुलाजवळ बसून पाहावें एवढेंच निघतें. “हा माणूस वाईट कां झाला असेल?” आणि “आपल्या वीरानें हें केलें तें बरोबर केलें कां?” हे दोन प्रश्न कोणत्याहि वयाच्या मुलास विचारतां येतात, आणि कोणत्याहि पक्षाच्या मालिकेविषयीं विचारतां येतात. ज्या घरांत ते विचारले जातात तेथें प्रचाराला फारसें भय नाहीं. उलट जेथें बाप “हा सगळा त्या लोकांचा प्रचार” एवढें म्हणून दूरचित्रवाणी बंद करतो, तेथें मुलगा त्या मालिकेपासून वांचतो खरा. पण न पटणाऱ्या गोष्टीला नांव ठेवलें कीं उत्तर दिल्यासारखें होतें, हा धडा तो बापाकडून घेतो. तो मोठा झाल्यावर तेंच नांव बापाच्या मतांनाहि ठेवील, आणि त्या वेळीं त्याला अडविण्यास बापाजवळ कोणतें साधन उरेल?